एक रविवार, चाळीस कुंड्या आणि अण्णांचं लिंबू

विचारणा थोडक्यात अशी आहे. आई-वडील कराडला, वडील म्हणजे अण्णा ७४ वर्षांचे, आई ६८. चार गुंठ्यांत बंगला, भोवती लिंबू, नारळ, शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, आणि गच्ची धरून चाळीसेक कुंड्या. लेक-जावई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून महिन्यातून एकदा येतात. गेल्या खेपेला दोघं दिवसभर राबले, बाग लख्ख केली, आणि संध्याकाळी आई गप्प, अण्णा चिडलेले. येत्या खेपेला, म्हणजे मेच्या शेवटच्या रविवारी, नेमकं काय करावं? शिवाय लिंबाचं झाड सात वर्षांचं झालं तरी अजून एक फळ नाही.

मी सत्तावीस वर्षं कराड-सांगली पट्ट्यात रोपवाटिका चालवते आणि घरच्या बागांची निगा राखायची कामं घेते. माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमच्या आई-वडिलांसारखीच आहेत. मुलं पुण्या-मुंबईला, बंगला मोठा, गुडघे थकलेले. त्यामुळे सोमवारी सकाळचे काही फोन ठरलेलेच असतात. "अहो बाई, काल पोरं आली होती, माझी अबोली उपटून टाकली." तेव्हा हे फक्त तुमच्याच घरात झालं असं समजू नका.

मीही केलंय. कृषीची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते. आईच्या परसात शिरले आणि दोन तासांत वाफे असे साफ केले की पट्टी लावून बघावी. आई बाहेर आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझी घोळ कुठाय?" मी तण म्हणून खड्ड्यात टाकलं होतं त्यात तिची घोळीची भाजी होती, पाथरी होती, आणि कोपऱ्यातला तांदुळजा तिनं बियांसाठी राखलेला होता. माझ्या पुस्तकांत ही तिन्ही नावं तणांच्या यादीत होती. आई काही बोलली नाही. खड्ड्यात हात घालून घोळीच्या काड्या तेवढ्या शोधल्या आणि परत मातीत खोचल्या. घोळ चिवट, चार दिवसांत उभी राहिली. तांदुळजाचं बी मात्र त्या वर्षी गेलं.

तेव्हापासून मी परक्याच्या बागेतही पहिला तास हात मागे बांधून फिरते. तुम्हीही तेच करा. शनिवारी रात्री पोचा, रविवारी सकाळी सहाला चहा झाला की अण्णांच्या मागून एक फेरी मारा आणि आईच्या मागून दुसरी. दोन वेगळ्या फेऱ्या सांगतेय, कारण बहुतेक घरांत बागेचे मालक दोन असतात. देवाची फुलं, तुळस, कढीपत्ता, अळू हे आईचं. लिंबू, नारळ, पाइप, नळ हे वडिलांचं. हद्द कुणी आखलेली नसते, पण ओलांडलेली लगेच कळते. अण्णांना विचारून तुम्ही आईची शेवंती छाटली असेल, तर ती परवानगी चुकीच्या दरवाजावर मागितलीत. या फेरीत एकच विचारायचं: "यातलं तुम्हाला कशाचा त्रास होतो?" "काय काढून टाकू?" हे विचारू नका. त्याला उत्तर "काहीच नको" हेच येणार.

मग कामाची वाटणी. माझा नियम साधा आहे. उचलायचं, चढायचं आणि जमिनीलगत तासभर वाकून करायचं, ते तुमचं. उभ्यानं किंवा पाटावर बसून, हळूहळू, रोज थोडं होणारं, ते त्यांचं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं, वाळकी पानं काढणं, सकाळी झाडांना पाणी घालणं यांना हात लावायचा नाही. अण्णांचं पाणी घालणं म्हणजे त्यांचा व्यायाम, शेजाऱ्याशी बोलण्याचं निमित्त आणि "मी अजून करतो" याचा पुरावा. एका घरी मुलानं हौसेनं नळाला टायमर लावून सगळ्या कुंड्यांना ठिबक केलं. काम उत्तम होतं. महिन्याभरात वडील बागेत उतरायचे बंद झाले. मी जाऊन अर्ध्या कुंड्यांच्या नळ्या काढल्या. गच्चीवरच्या कुंड्या ठिबकवर ठेवल्या, कारण जिना चढणं खरंच धोक्याचं होतं. अंगणातल्या त्यांना परत दिल्या.

आता आई गप्प का होती, याचा माझा अंदाज सांगते. तुम्ही पाच माणसं जेवायला. जावई आलेत म्हणून पुरणपोळी किंवा निदान मसालेभात, कोशिंबीर, दोन भाज्या. तुम्ही बाहेर मातीत होतात तेव्हा ती पाच तास ओट्यापाशी उभी होती. तिच्या लेखी मदतीचा दिवस म्हणजे वर्षातला सर्वात दमवणारा रविवार. त्यामुळे शुक्रवारीच फोन करून जेवण ठरवा: पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. भाकऱ्या तुम्ही थापा, वाकड्या झाल्या तरी चालतील. आणि अकरा वाजता तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढून बागेत खुर्चीवर बसवा, म्हणजे तिच्या झाडांचं काय चाललंय ते तिच्या डोळ्यांदेखत होईल. जावयानं खुरपं हातात घेतलं की आपल्याकडच्या आयांना अवघडल्यासारखं होतं. म्हणून त्यांना गच्चीवर पाठवा, तिथं दिसतही नाहीत आणि काम खरं तिथंच आहे.

गच्चीचं आधी उरकते. पावसाचं पाणी जाणाऱ्या पाइपांची तोंडं पानांनी आणि कबुतरांच्या पिसांनी बुजलेली असतात. वळवाच्या एका सरीत गच्चीत घोटाभर पाणी साचतं आणि पुढं चार महिने खोलीच्या छताला ओल. तोंडं मोकळी करा, वर जाळी बसवा, बादलीभर पाणी ओतून खाली येतं का ते बघा. टाकी धुवायची असेल तर शनिवारी सकाळपासून मोटर लावू नका असं अण्णांना सांगून ठेवा, म्हणजे रविवारी टाकी जवळजवळ रिकामी मिळेल आणि हजार लिटर पाणी फुकट जाणार नाही. शिडी खाली धरायला दुसरं माणूस हवंच, आणि ते माणूस अण्णा नकोत.

कुंड्यांकडे येऊ. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोच्या आसपास भरते. आईनं ती सरकवायचा प्रयत्न केला की कंबर धरते, आणि ती प्रयत्न करतेच, कारण खालचं झाडून काढायचं असतं. म्हणून कुंड्यांचा आकडा कमी करण्यापेक्षा त्यांची जागा बदला. रोज हात लागणाऱ्या, म्हणजे तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, देवाच्या फुलांच्या, या दहा-बारा कुंड्या दीड-दोन फूट उंचीच्या कट्ट्यावर किंवा लोखंडी स्टँडवर आणा. वाकायचं निम्मं काम तिथंच संपतं. बाकीच्या भिंतीकडेला जमिनीवर राहू देत. दोन ओळींत मात्र नकोत. मागच्या ओळीतल्या कुंडीला पाणी घालताना पुढच्या कुंड्यांवरून झुकावं लागतं आणि वयस्कर माणसाचा तोल तिथंच जातो.

चाळीसच्या चाळीस कुंड्यांची माती एका दिवसात बदलायला जाऊ नका. दहा घ्या. ज्या कुंडीत पाणी वरच तरंगतं किंवा घातल्या घातल्या खालून निघून जातं, ती आधी. पाणी तरंगलं तर माती घट्ट झाली किंवा भोक बुजलं. लगेच वाहून गेलं तर आत मुळ्यांचा नुसता गुंता आहे, माती उरलेलीच नाही. कराडची काळी माती शेताला सोन्यासारखी, कुंडीत मात्र ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू किंवा भिजवलेलं कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर खापरी उपडी ठेवा. मुळांचा बाहेरचा बोटभर थर विळ्यानं कापून टाकला तरी झाड मरत नाही. ही मेची अखेर आहे, तेव्हा माती बदललेल्या कुंड्या आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि हे काम सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर करा.

कुंड्या, विटा, जुन्या कौलांचा ढीग हलवताना हातमोजे आणि बूट घाला, आणि कुंडी पलीकडे न ढकलता वरची कड धरून आपल्याकडे कलती करा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहील. खाली विंचू असला तर तो तुमच्या बोटांकडे येत नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रूढ केला आणि त्यामुळे कितीतरी माणसं वाचली. पण त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो, कांदा चोळत घरी बसून चालत नाही. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ढवळा. घोणस तिथं पडून असली तर पानांच्या रंगात दिसत नाही.

नातवाला काय काम द्यायचं, असं बरेच जण विचारतात आणि मग त्याच्या हातात एक झारी देऊन त्याला विसरतात. त्याला साचलेलं पाणी शोधायला लावा. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचा फुटका टब, पक्ष्यांचं भांडं, फ्रिजच्या मागचा ट्रे, नारळाची करवंटी, न वापरलेला संडास. प्रत्येक जागेला एक गुण. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. काथ्यानं घासायचं. मुलाला एकदा टॉर्चच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या दाखवा. पुढच्या प्रत्येक खेपेला तो गाडीतून उतरल्याबरोबर ताटल्या तपासायला पळेल आणि आजोबांना रागावेल. नातवाचं रागावणं आजोबांना चालतं, तुमचं चालत नाही.

आता झाडं. शेवग्याच्या शेंगांसाठी अण्णा स्टुलावर चढतात का? चढत असतील तर या दिवसातलं पहिलं काम तेच. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, हिरवीगार दिसणारी फांदी काडकन मोडते. शेंगांचा हंगाम संपत आला असेल तर झाड तीन-चार फुटांवर करवतीनं सरळ कापा. बघवत नाही, कबूल. अण्णा "मेलं" म्हणतील. पाऊस पडला की बुंध्यातून फुटवे येतात, त्यातले चार चौफेर ठेवायचे, आणि पुढच्या शेंगा हाताला येतात. कढीपत्त्याचंही तसंच. तो दहा फूट झाला असेल तर आईच्या कमरेएवढा छाटा, मग नव्या फुटीची कोवळी पानं तिला उभ्यानं तोडता येतील. आमच्या धंद्यात छाटणी झाडासाठी करतात असं शिकवतात. घरच्या बागेत ती मालकाच्या खांद्यासाठीही करायची असते. एका दिवशी एकच मोठं झाड कापा, दोन नकोत. दोन कापली की अंगण उघडं पडतं आणि त्यांना ते महिनाभर सोसावं लागतं.

नारळावर तुम्ही चढू नका. नारळ काढणारा माणूस बोलवा, पैसे द्या, नारळांबरोबर वाळक्या झावळ्याही उतरवून घ्या. वळवाच्या वाऱ्यात त्या खाली येतात आणि तेव्हा खाली कोण उभं असेल सांगता येत नाही. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसत असेल तर तो पिठ्या ढेकूण. पाइपच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं अण्णांना परत फवारायला सांगा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त, कारण त्या मुंग्याच ढेकूण राखतात.

आणि लिंबू. सात वर्षांत फळ नाही म्हटल्यावर मी न बघताच विचारते: अण्णा त्याला रोज पाणी घालतात का, आणि तेही बुंध्यापाशी? बहुतेक ठिकाणी उत्तर "हो" येतं. प्रेमानं. कागदी लिंबाचं बियांपासूनचं रोप चार-पाच वर्षांत फळावर यायला हवं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई सरबतीसारखं चांगल्या जातीचं रोप असलं तरी रोज पाणी आणि वर युरिया मिळाला की झाड नुसतं पानांचं होतं. लिंबाला फुलायला थोडी तहान लागते. शेतकरी मुद्दाम ताण देतात, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात, ते त्यासाठीच.

त्याहून वाईट म्हणजे बुंध्याशी सतत ओल. दरवर्षी आळ्यात माती आणि खत टाकत टाकत बुंधा वीतभर गाडला जातो, साल कुजते, डिंक ओघळतो. याला आम्ही डिंक्या म्हणतो. तेव्हा हातानं हलकेच माती बाजूला करत पहिली मोठी मुळं दिसेपर्यंत बुंधा मोकळा करा. साल मऊ किंवा डिंकाळलेली असेल तर धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा. मग बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. लोखंडाचं भांडं नको. ही पेस्ट ब्रशनं जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बुंध्याला लावा. शेवगा कापला त्या जागीही लावा. करायची तेवढीच आणि त्याच दिवशी वापरायची.

नंतर दुहेरी आळं. बुंध्याभोवती फूट-दीड फुटावर मातीचा गोल बांध घाला, आत पाणी जाता कामा नये. दुसरा बांध फांद्यांच्या घेराच्या जरा बाहेर. पाणी आणि खत या दोन बांधांच्या मध्ये. पाणी पिणारी बारीक मुळं घेराखाली असतात, बुंध्यापाशी नसतात. घेर कुठवर आहे हे अण्णांना ठरवू द्या. कराडला शून्य सावलीचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन जातो, त्यामुळे मेअखेरीलाही दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि झाडाची सावली नेमकी घेराएवढी खाली पडते. अण्णांनी व्हरांड्यातून सांगायचं, नातवानं सावलीच्या कडेनं फक्की टाकायची, दोन मिनिटांत आत यायचं. खोदायचं संध्याकाळी. "अण्णा, तुम्ही सात वर्षं चुकीचं पाणी घातलंत" हे वाक्य मनातही आणू नका. "आता झाड मोठं झालं, त्याला पाणी लांब लागतं" म्हणा. खोटं नाही ते.

जूनमध्ये मृग निघाला की दोन्ही बांधांमधल्या जागेत दोन घमेली शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड, युरिया अजिबात नाही. बुंध्यातून सरळसोट, जाड काट्यांचे पाणसोट, म्हणजे फळ न देणारे जोमदार फुटवे, वर गेले असतील ते मुळाशी कापा. यंदाच्या मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, ताण द्यायला उशीर झाला, ताण एप्रिलच्या अखेरीपासून लागतो. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरू. डिसेंबरात चार-पाच आठवडे पाणी बंद, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, जानेवारीत हलकं पाणी आणि मग हळूहळू वाढवायचं. हे डिसेंबरातले पाच आठवडे अण्णांना फार जड जातील. त्या काळात त्यांच्या हाती दुसरं पाणी द्या. तेव्हा मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा पेरून ठेवा, तिला पाणी लागतं.

फक्कीची ती दोन मिनिटं सोडली तर दुपारी बारा ते साडेचार बागेत कुणी जायचं नाही. तो वेळ घरातल्या जड कामांना. मेमध्ये वर्षाचं धान्य भरायचं असतं. गहू, शाळू पोत्यातून गच्चीवर नेऊन ऊन द्यायचं आणि परत कोठीत. हे पोतं कोण उचलतं हे विचारा. आईनं घागरीनं घागरीनं वर नेलं असं उत्तर आलं तर या रविवारी ते काम आधी, बाग नंतर. धान्य निवडायला ती बसेल, तिला ते आवडतं. वाळलेला निंबपाला आणि बिब्बे घालायची तिची पद्धत मोडू नका. पण कुणी धान्यात ठेवायची गोळी आणून दिली असेल तर ती घरात राहता कामा नये. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते, ओलावा लागला की फॉस्फिन वायू सोडते, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो. त्याच दमात जिन्याखालचं कपाट उघडा. मागच्या खेपेला उरलेलं फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं मी इतक्या सुशिक्षित घरांत पाहिलंय की आता नवल वाटत नाही. लेबल नसलेलं काहीही ठेवू नका. ओढ्यात किंवा मोरीत ओतूही नका, जिथून औषध आणता त्या कृषी सेवा केंद्रात विचारून द्या.

घरात आणखी दोन-तीन गोष्टी. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, नळीवर तारीख छापलेली असते. मागच्या दारापासून बागेतल्या नळापर्यंतची फरशी पावसात शेवाळते, ती आताच ब्लीचिंग पावडर टाकून घासा आणि त्या वाटेवर एक चांगला दिवा लावा. बागेतला नळ गुडघ्याएवढा असेल तर प्लंबरकडून अडीच-तीन फुटांवर घ्या. खर्च किरकोळ, उपयोग रोजचा. दहा लिटरच्या झारीऐवजी पाच लिटरची आणा. फांद्या कापायचा सिकेटर नेणार असाल तर तो अण्णांच्या हातात बसतो का ते बघून घ्या, संधिवाताच्या बोटांना मोठ्या तोंडाचा सिकेटर मिटत नाही.

कापलेल्या फांद्या आणि पाला पेटवू नका. शेजारी पेटवतात म्हणून अण्णाही पेटवतील, आणि रात्रभर खोकतील. तीन फूट उंचीची जाळी गोल करून कोपऱ्यात उभी करा, पाला त्यात दाबा, अधूनमधून शेणाचं पाणी आणि ओंजळभर माती. पावसाळाभर कुजून दिवाळीच्या आसपास त्याचं खत होतं. जाड फांद्या वेगळ्या रचा, पण भिंतीला लागून नको.

सहा वाजता हत्यारं धुवा, तेलाचा हात फिरवून ती होती तिथंच ठेवा. तुम्हाला जास्त सोयीची वाटते अशी नवी जागा शोधू नका. अण्णा चिडले ते बहुधा खुरपं तीन दिवस सापडलं नाही म्हणून. निघण्याआधी आईबरोबर परत एक फेरी मारा आणि आठवडाभरात काय बघायचं ते तिच्याकडून ऐका. तुम्ही सांगू नका. ती सांगते त्यातून पुढच्या खेपेची कामं आपोआप ठरतात. आणि तिनं पिशवीत कढीपत्ता, गवती चहा, दोन रोपं कोंबली तर "आमच्याकडे मिळतं" म्हणू नका. रोपं पुण्यात जगली की मेली हे ती दर फोनला विचारेल, तेव्हा बाल्कनीत जागा करून ठेवा.

लिंबाला पुढच्या फेब्रुवारीपर्यंत फूल दिसलं नाही, तर मला फोटो पाठवा. अख्ख्या झाडाचा नको, माती बाजूला केलेल्या बुंध्याचा.